फिरवलेली खाट

गीताबाई धर्मादाय दवाखान्यातल्या साऱ्या खाटा भिंतीतल्या हुकांना तारेनं जखडलेल्या आहेत. चार जणांनी मिळून ओढलं तरी हलायच्या नाहीत. नवा माणूस विचारतो, "हे कावून?" जुना माणूस खिडकीबाहेर बघतो. ती तार सटवामामानं बांधली, पक्कड घेऊन, एकट्यानं, एका दिवसात. का बांधली ते ऐका. ऐकून जिवाला बरं वाटणार नाही, पण ऐका.

आप्पाराव पुढाऱ्यानं आईच्या नावानं हा दवाखाना केजच्या अलीकडं फाट्यावर काढला. दिवसच तसे होते. गावोगावी एसटीडीचे बूथ, धाब्यांवर टीव्हीच्या छत्र्या आणि ज्याच्या त्याच्या आईबापाच्या नावाचा ट्रस्ट. इमारत टोलेजंग, फरशी चकचकीत, आणि औषधाचं कपाट उघडावं तर आत झुरळं. सटवा तिथं वॉर्डातला वरकामाचा माणूस. असल्या माणसाला दवाखान्यात मामा म्हणतात आणि आयाला मावशी. मावशी होती चांदबी. साठी उलटलेली, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. सटवाला ती कधी नावानं हाक मारायची नाही. "ए मुडद्या, इकडं ये" म्हणायची, आणि हा धावत जायचा.

बांधणाऱ्यानं वास्तू बघून खाटा मांडल्या होत्या. उशी पूर्वेला, पाय पश्चिमेला. युसूफ वडगाव या गावाकडची म्हातारी मुसलमान माणसं त्या खाटांवर गुडघे पोटाशी घेऊन, आखडून पडायची. डॉक्टर राजेश्वर दाबून बघायचे आणि विचारायचे, "पोटात दुखतंय का?"

"पोटात न्हाई वो साहेब," एक दिवस चांदबी म्हणाली, "लाज वाटतीय त्यायला. काबा हाय त्या बाजूला. पाय पसरतील कसे?"

आणि तिनं सटवाला हाताशी घेऊन एका म्हाताऱ्याची खाट फिरवली. उशी उत्तरेला, पाय दक्षिणेला, माणूस उजव्या कुशीवर, म्हणजे तोंड बरोबर पश्चिमेला. म्हाताऱ्यानं पाय ताणले, एक लांब सुस्कारा सोडला आणि तासाभरात घोरायला लागला. तीन दिवस गोळ्या घेऊन त्याला झोप नव्हती!

सटवानं तिच्याकडून सगळं उचललं. दुखणाईताच्या कपाळावर उजवा हात ठेवून म्हणायचं, "लाबास." सटवा म्हणायचा "लाभास." चांदबी पदर तोंडाला लावून हसायची. "लाभ न्हाई रे मुडद्या! लाबास. म्हंजे काय भ्यायचं न्हाई, या दुखण्यानं समदं धुऊन निघंल." जाणाऱ्याच्या ओठांवर चमच्यानं दोन थेंब पाणी सोडायचं. त्याच्या कानाशी कलमा म्हणायचा, हळू. "म्हण म्हण म्हून मागं लागायचं न्हाई. आपुन म्हनायचं. त्याच्या कानावर पडू द्यायचं." सटवाला अर्थ ठाऊक नव्हता, पण सूर पक्का बसला. ज्याचं कुणी वेळेवर पोचलं नाही, त्याच्या कानाशी सटवा असायचा.

चांदबी गुडघ्यांपायी घरी बसली आणि इथून सगळं बिघडायला लागलं. ती कुणाचीही खाट फिरवायची, झोपेसाठी, नमाजसाठी, नुसत्या सुखासाठी. सटवाला ते जमेना. शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक अंगावर यायचे, "दक्षिणेला पाय आपल्यात मढ्याचे करतेत, कळतं का बे?" मग सटवानं खाट फिरवायची ती फक्त मरणाऱ्याची, असा नेम करून टाकला. वाद मिटला. आणि वॉर्डाला एक खूण मिळाली.

सटवाची नजरही अशी की खाट फिरली आणि माणूस वाचला, असं झालंच नाही. डॉक्टर राजेश्वर राऊंडला आले की दारातूनच बघायचे. खाट आडवी दिसली की तिकडं जायचेच नाहीत. एकदा चारचौघांत म्हणाले, "सटवा, तुझी नजर माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा पक्की आहे." सटवा आठ दिवस छाती काढून हिंडला. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात झाडा-उलटीची साथ आली. व्हरांड्यापर्यंत माणसं पडली. सलाईनच्या बाटल्या मोजून मिळायच्या. डॉक्टरांनी कावेरी सिस्टरला सरळ सांगून टाकलं, "फिरवलेल्या खाटेची बाटली काढायची, पुढच्याला लावायची." सटवा तिथंच फडकं पिळत उभा होता. त्यानं ऐकलं, आणि फडकं पिळत राहिला. मरणाऱ्याला बाटली काय करायची, असं त्यानं मनाला पटवलं.

त्याच साथीत चांदबी आली. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच राहायची. सटवानं तिला खिडकीजवळची खाट दिली, बाटली लावून घेतली, दोन दिवस तिचं हगमूत काढलं. कावेरी सिस्टर नवी. ही बाई कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चांदबीनं पेज मागितली आणि त्याबरोबर शिवीही दिली. सटवाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई वाचली!

"मुडद्या, दोन दिस नमाज न्हाई झाली. खाट फिरव."

सटवानं शेजारच्या खाटांकडं बघितलं. "मावशी, अशीच पड ना. आता खाट फिरवली की लोक..."

"लोकाचं काय? मीच शिकीवलं आन् मलाच न्हाई म्हनतो?"

त्यानं फिरवली. हाताला सुई होती, पाणी चालणार नव्हतं, म्हणून तिनं मातीचं ढेकूळ मागितलं. सटवानं ते बागेतून आणून दिलं. तिनं त्यावर तळवे टेकले, तोंडावरून, हातांवरून फिरवले. पाय पसरून, पश्चिमेला तोंड करून, नुसत्या मानेनं खुणा करत ती नमाज पढली. नंतर म्हणाली, "आता जैतूनला घिऊन ये. पोरीला ठाऊकच न्हाई मी हितं हाय ते."

जैतून तिची एकुलती एक, दिली होती युसूफ वडगावात. सटवा निघाला. सिस्टरला सांगायचं होतं, की ही खाट नमाजसाठी फिरवलीय, बाई ठणठणीत हाय. सिस्टर इंजेक्शनच्या खोलीत दार लावून होती. दारावर थाप मारायला त्यानं हात उचलला. फाट्यावर जीपनं हॉर्न दिला. ही गेली की दुसरी कधी, देव जाणे. सटवा पळाला.

दुपारी जैतूनला घेऊन तो परतला, तेव्हा सलाईनचा स्टँड शेजारच्या खाटेशी उभा होता. चांदबीच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. ढेकूळ उशाशी तसंच, वर तिच्या पंजांचे ठसे.

शेजारच्या खाटेवरच्या साखराबाईनं सांगितलं. बाटली तिलाच लागली होती, म्हणून तिला मान वर करून बोलवेना. "तुमी गेला आन् तिला परत झाडा लागला, मामा. सिस्टर बाटली काढाया आली तर तिनं हात धरला. मी मरत न्हाई म्हनली. लई येळ म्हनली. पानी द्या, सटवाला बलवा. सिस्टर म्हनली, शेवटी समदे आसंच बरळतेत."

कावेरी सिस्टर वाईट नव्हती हो! तेच तर दुखणं आहे. सारी कामं टाकून ती चांदबीजवळ बसली. पाण्यावाचून माणूस सुकत चाललेला, आणि तिनं सटवाचं बघून शिकलेलं केलं. चमच्यानं ओठांवर दोन थेंब सोडले. आणखी मागितलं तेव्हा कपाळावर हात ठेवला. "लाभास, मावशी, लाभास," म्हणाली. डॉक्टर दारातून बघून गेले.

"खाट तुमीच फिरवली ना, मामा?" सिस्टरनं विचारलं. तिला खरंच काही कळलेलं नव्हतं.

 सटवाला ओरडायचं होतं, डॉक्टरची गचांडी धरायची होती, स्वतःचं थोबाड फोडायचं होतं. तेवढ्यात जैतूननं चादर बाजूला केली. आईचे पसरलेले पाय बघितले, पश्चिमेला वळलेलं तोंड बघितलं, आणि हुंदके देत सटवाचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले.

"मामा, तुमी हुता म्हून अम्मी नीट गेली. समदं तुमी केलं. अल्ला तुमाला याचं फळ देईल."

सटवानं हात सोडवून घेतले नाहीत. तिला खरं सांगितलं नाही, आजवर नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तारेचं भेंडोळं आणलं.

आता त्याचे केस पिकलेत. परवाच युसूफ वडगावचा एक म्हातारा भरती झाला. गुडघे पोटाशी घेऊन आखडून पडला होता. सटवा जवळून जाताना त्यानं त्याची बाही धरली, खाटेकडं आणि पश्चिमेकडं बोट केलं, हात जोडले.

सटवानं बाही सोडवली.

"पोटात दुखतंय का?" त्यानं विचारलं, आणि पुढच्या खाटेकडं गेला.