सात पिढ्या तोंडपाठ

आत-बाशी गावात कसिमअलीची दहशतच होती म्हणा ना. लग्न असो की मयत, म्हातारा आधी स्वतःच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचा, मग हाती लागेल त्या पोराला धरायचा. "बोल, बापापासून सात पिढ्यांची नावं! येत नाहीत? मग तू गुलाम." दंडक आमच्याकडचा जुनाच, पण म्हाताऱ्याने त्याचा सोटा केला होता.

तीस वर्षांपूर्वी अनाथालयातून आलेल्या नव्या मेंढपाळालाही त्याने भर पंगतीत सोडलं नाही. त्या बिचाऱ्याला स्वतःचा बापही ठाऊक नव्हता. सगळे पोट धरधरून हसले. तेव्हापासून गावाने त्याला 'गुलाम'च म्हटलं.

आता म्हातारा ऐंशीचा. कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचा, सून बुरुलचाला बहिणीच्या नावाने हाका मारायचा. पण सात पिढ्या कुठे जातात, अशी त्याची खात्री होती.

नातीच्या सोयरिकीला पाहुणे आले. सात पिढ्यांत नातं निघालं तर लग्न होत नाही. व्याही म्हणाले, "आमच्या सांगून झाल्या. बाबा, आता तुमच्या होऊ द्या."

"मुलीचा बाप नूरदीन," म्हातारा ऐटीत सुरू झाला. "त्याचा बाप मी. माझा उस्मोन. त्याचा जानताय. त्याचा..."

पुढे काही येईना. "त्याचा..." चहाचे वाडगे हातातच राहिले. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, बुरुलचाने मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं असं म्हाताऱ्याला झालं.

"बायोके," दाराशी कुणीतरी हळूच म्हणालं. "त्याचा तिलेक. त्याचा एसेन."

पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभा असलेला तो मेंढपाळ होता. आता पन्नाशी उलटलेला.

"तुला रे कसं ठाऊक?" व्याह्यांनी विचारलं.

"दर पंगतीला ऐकलं. माझे मला नव्हते, म्हणून ह्यांचेच पाठ केले."

नाव कुठेच जुळलं नाही. सोयरीक पक्की झाली. व्याही खुशीत येऊन म्हणाले, "बाबा, असला माणूस दाराशी का उभा? वर बसवा त्याला. नाव काय ह्याचं?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ह्या खेपेला दोष म्हातारपणाचा नव्हता. ते नाव त्याने तीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. कान तापले, डोळे भरून आले. तो सरकला, शेजारची गादी त्याने हाताने झटकली, आणि सगळ्यांदेखत, मान वर न करता म्हणाला,

"ये, बस. सांग रे बाबा, तुझं नाव काय?"