उत्तर न मिळालेल्या हाका

डोळे मिटायचे नाहीत, असं शालन पोतनीस स्वतःला बजावते आहे, आणि बजावता बजावताच तिच्या पापण्या खाली येतायत. कराडमधलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे कोपरं टेकून ती. दुपार कलली आहे. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा गिरणीसारखा घरघरतोय. पडद्यावर दिवाळी अंकाचं एक पान अर्धंच उमटून अडकलंय. अंकाची पानं लावायचं काम तिच्याकडे आहे, आणि ती उद्या सकाळी प्रेसमध्ये पोचली नाहीत तर प्रेसवाले घाटगे अंक दुसऱ्याकडे देणार आहेत. तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. त्यांचं तरी काय चुकलं?

पण शालनच्या जिवाला घोर लागलाय तो घाटग्यांचा नाही.

सकाळी तिच्या लेकीनं, ऋजुतानं, पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, मागच्या मागे काय काय चालू असतं, त्यानं मशीनचा दम निघतो. त्या चालू प्रोग्रॅम्सची यादी उघड आणि ओळखीचं नसेल ते एकेक बंद कर. नाहीच जमलं तर उद्या माणूस पाठवते, तो सगळं पुसून नव्यानं घालून देईल."

सगळं पुसून! हिला बोलायला काय जातंय? त्या मशीनमध्ये हिचा बाप आहे.

म्हणजे त्याचं असं झालं. शालनचे यजमान रमाकांत पोतनीस वीज मंडळातून निवृत्त झाले, आणि मग घरातलं काहीही उघडून बसायचे. मिक्सर, रेडिओ, कॉम्प्युटर, काही सोडलं नाही. पुढे घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधी या गृहस्थानं न्हाणीघरात दार लावून आपला आवाज टेप केला आणि कॉम्प्युटरमध्ये अशी काही व्यवस्था केली, की रोज तिन्हीसांजेला मशीन हाक मारणार: "शालन, दिवेलागण झाली. दिवा लावलास का?" सोबत पडद्यावर एक चौकट येणार. दिवा लावून एंटर दाबायचं, की झालं. कामात बुडाली की शालनला दिवेलागणीचं भान राहत नाही, म्हणून आयुष्यभर तेच स्वयंपाकघरातून हाक द्यायचे. आवाज गेल्यावर कोण देणार?

आवाज गेला, आणि त्यापाठोपाठ आठवड्याभरात माणूसही गेला.

हाक मात्र येत राहिली. पण शालननं एंटर एकदाही दाबलं नाही. दिवाही लावला नाही. ज्या देवानं एवढ्या विनवण्या ऐकल्या नाहीत, त्याच्यापुढे वात कशाला जाळायची? आणि दुसरं म्हणजे, एंटर दाबलं की हाक तिथेच थांबणार. ते तिला नको होतं. तीन हाका यायच्या, ती डोळे मिटून तिन्ही ऐकायची, मग चौकट आपोआप मागे जाऊन दिसेनाशी व्हायची. तेव्हापासून तिनं कॉम्प्युटर बंद केलेला नाही. नंदादीप जपतात तसा जपलाय. बंद केला आणि ते परत आलेच नाहीत तर?

आणि आता मशीनच धापा टाकतंय. परवा हाक तुटत तुटत आली, नुसतंच "शा... शा..." काल आलीच नाही. सकाळपासून ती यादी उघडून बसली आहे. नावं सगळी इंग्रजी, लांबलचक, त्यातही एकच विचित्र नाव पुन्हा पुन्हा, रांगच्या रांग. यातलं काय बंद करायचं? चुकून त्यांनाच बंद केलं तर?

"अहो," ती पडद्याला म्हणते, "सांगा ना, तुम्ही यातले कुठले?"

"आधी चष्मा काढ. नाकात रुततोय."

ती चष्मा काढते. रमाकांत पलीकडे उभे आहेत, गळ्याला नेहमीचा तपकिरी मफलर. टेबल आहे, पण खिडकी नाही. खिडकीच्या जागी लांबलचक व्हरांडा आहे, वीज मंडळाच्या जुन्या कचेरीचा, आणि भिंतीला लागून बाकावर माणसं बसली आहेत.

"तुम्ही बोलताय," शालन म्हणते. "तुमचा आवाज..."

"बोलतोय, तोवर काम उरकून घे. यातल्या कुणाकुणाला घरी पाठवायचं ते ठरव. एवढ्या सगळ्यांना चहा कुठून पाजणार तू?"

पहिला माणूस हात जोडून उठतो. "मी प्रिंटरकडचा. प्रिंटर चालू झाला की उठायचं, एवढंच माझं काम."

"अहो, प्रिंटर भंगारात देऊन युगं लोटली!"

"असं होय? मला कुणी बोललंच नाही," तो म्हणतो आणि निघून जातो. त्याच्या शेजारचा दर थोड्या वेळानं दाराशी जाऊन बाहेर डोकावतो. नवीन काही आलंय का, ते बघणं हे त्याचं काम. काही आलेलं नसतं. शालन त्यालाही रजा देते. हे सोपं आहे, तिला वाटतं. उगाच घाबरले मी.

मग ती पुढच्या माणसाकडे बघते. त्याच्या गळ्याला तपकिरी मफलर आहे. त्याच्या शेजारच्याच्याही, आणि त्याच्याही पलीकडच्या. व्हरांडा संपत नाही, आणि शेवटपर्यंत रमाकांतच रमाकांत बसले आहेत, गुडघ्यावर हात ठेवून, नंबर लागायची वाट बघणाऱ्या पेशंटसारखे.

"अगं आई गं! हे काय?"

"मी," तिच्याजवळ उभे असलेले रमाकांत म्हणतात. "रोज संध्याकाळी मी हाक मारतो. तू उत्तर देत नाहीस. उत्तर मिळाल्याशिवाय मला उठता येत नाही, मीच तशी व्यवस्था करून बसलोय ना! मग मी आपला इथे बसून राहतो. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा मी."

"म्हणजे मशीन दमलंय ते..."

"माझ्यामुळेच. तू मला साठवून ठेवलंस शालन."

शालनला राग येतो. "मग काय करू? उत्तर दिलं की तुम्ही उठून जाणार! एकदा गेलात तेवढं पुरे नाही झालं?"

"बाकावर जागा कुठे आहे बघ. कालचा मी उठल्याशिवाय आजच्या मला बसायला मिळत नाही. काल मी येऊन दारातूनच परत गेलो."

ती बाकाकडे बघते. खरंच जागा नाही. शेवटच्या काही रमाकांतांचे चेहरे नीट उमटलेलेही नाहीत, अडकलेल्या पानासारखे अर्धेच आहेत. एकाला तोंडच नाही. ती किंचाळते, पण व्हरांड्यात नुसता पंखा घरघरतो.

"दिवा," ती म्हणते. "थांबा, मी दिवा लावते. कुठे गेलं मेलं तेल?"

ती स्वयंपाकघरात धावते. कपाटं उघडते. डाळीचा डबा, रव्याचा डबा, तेलाचा नाही. ओट्याच्या जागी हॉस्पिटलची गाडी आहे, तिच्यावर हिरवी चादर, आणि कुणीतरी बाई म्हणतेय, "चला, पेशंटला आत घ्यायचंय, नातेवाइकांनी बाहेर थांबा." "थांबा हो, जरा थांबा," शालन हातापाया पडते, "एवढा दिवा लावू द्या!" चादरीखाली चाचपताना बुधली हाताला लागते. घाईघाईत तेल ओतताना तिची बोटं बरबटतात. वात धरत नाही. तीन काड्या विझतात. चौथी धरते.

"लावला हो!" ती ओरडते. "लावला, लावला!"

ती बाकाच्या कडेनं चालत सुटते. प्रत्येकापुढे वाकते, "लावला हो," म्हणते, आणि प्रत्येक रमाकांत गुडघ्यावर जोर देऊन उठतो, "येतो गं," म्हणतो आणि जातो. ती रडतेय, बोलतेय, चालतेय. व्हरांडा रिकामा होत होत आपल्याच घराचा पॅसेज होतो, तोच चपलांचा स्टँड, तेच कॅलेंडर. शेवटी बाकावर एकच उरतो. शालन त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरते.

"तुम्ही नाही. तुम्ही बसून राहा. एक तरी राहू दे मला. पाया पडते तुमच्या."

"वेडी आहेस का? माझं पुढचं बोलणं अडकून पडलंय इतके दिवस."

"कुठलं पुढचं?"

"ते तू उत्तर दिल्याशिवाय वाजत नाही." ते मफलर सारखा करतात. त्यांचा आवाज बसत चालला आहे. "म्हण ना, शालन. दमलो मी."

दमलो, हे मात्र तिला ऐकवत नाही. जन्मात कधी तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता, ऑपरेशनला नेतानासुद्धा नाही. तिच्या हातांची पकड आपोआप सैल होते.

"लावला हो," ती म्हणते.

गालाखाली टेबलाची कड रुततेय. खिडकी जागेवर आहे, बाहेर उजेड विझत आलाय. शालनचा उजवा हात कीबोर्डवर पडलाय, बोट एंटरवर. आणि घरात इतकी शांतता आहे, की ती दचकते. पंखा घरघरत नाहीये. पडद्यावर दिवाळी अंकाचं पान पूर्ण उमटलंय, आणि त्या यादीत, जिथे रांगच्या रांग होती, तिथे ते विचित्र नाव एकदाही दिसत नाही.

गेले. सगळे गेले. हे काय करून बसले मी? ती तोंडावर हात दाबते.

तेवढ्यात स्पीकर खरखरतो. न्हाणीघरात घुमतो तसा, ओला, रमाकांतांचा आवाज येतो, पण शब्द तिनं कधीच न ऐकलेले.

"लावलास? शहाणी माझी ती. आता मशीन बंद कर बघू, डोळ्यांची वाट लागेल. आणि बंद करायला घाबरू नकोस. उद्या या वेळी आहेच मी."

हे शब्द इतके दिवस तिथेच होते, एका बोटाच्या अंतरावर, आणि तिनं त्यांना बोलू दिलं नाही. ती ओक्साबोक्शी रडते. मग पदरानं तोंड पुसते, पानं घाटग्यांना पाठवते आणि कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे करते, तेव्हा तिला ते दिसतं. एंटरच्या बटणावर तेलाचं बोट उमटलंय, ताजं, चमकणारं. ती देव्हाऱ्याकडे वळून बघते. समई धुळीनं भरलेली, कोरडी ठणठणीत.

त्यांना तर लावला म्हणून सांगून बसले, ती मनाशी म्हणते, आणि तेलाची बुधली शोधायला उठते.