आई रामेनच्या दुकानात

मी टोकियोला यायला निघाले त्या दुपारी आमच्याकडे कुणाला रडायला फुरसतच नव्हती. काका, बाबा आणि शेजारचे दोघे गाडीच्या डिकीत बॅगा कशा बसवायच्या यावरून वाद घालत होते. मोठी बॅग आईने कल्याणच्या बाजारातून घासाघीस करून आणलेली, तिची चेन घराबाहेर पडायच्या आधीच अडकली. आईने तिच्यात सुकटीची पुडी कोंबली, बाबांनी ती काढली, आईने परत कोंबली. गाडी सुरू झाल्यावर बाबा काचेपाशी वाकून म्हणाले, "जा. पन पावन्यासारखी येव नको." त्यांचं ऐकणं काही मला जमलं नाही. मी ठाकुर्लीला जाते ती पाहुण्यासारखीच, आणि त्यावरून मला बोलायला बाबाही आता नाहीत.

तुम्ही जे तिकडे राहिलात, ते फोनवर विचारता, टोकियो कसं आहे? मी "मस्त" म्हणते. माझ्यासारखे जे निघून आले, ते विचारत नाहीत. त्यांना ठाऊक असतं, की रविवारी आठवड्याची भाजी चिरून फ्रीझरमध्ये टाकायची, कपडे वाळत घालायचे, आणि सोमवारपासून मीटिंगमध्ये दोन-दोन भाषांत "हो, समजलं" म्हणायचं. मी दमलेय. हे असं सरळ लिहायची पूर्वी लाज वाटायची, आता तेवढीही ताकद नाही.

बाबा गेले आणि आई एकटी पडली, निदान मला तसं वाटलं. गावातलं आमचं घर केव्हाच बिल्डरला दिलेलं. त्या जागेवर टॉवर झाला आणि त्यात आम्हाला आणि आमच्या भावकीला फ्लॅट मिळाले. मी तिच्या मागे लागले, तू माझ्याकडे ये, राहायलाच ये. ती "बघू" म्हणत राहिली. शेवटी तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. या तीन महिन्यांत तिला इथे रुळवायचं आणि मग कायमचं आणायची खटपट करायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ती काही रुळेना. मी ऑफिसला गेले की घासलेली भांडी पुन्हा घासायची आणि बाल्कनीत उभी राहायची. समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवसभर एक माणूस दिसत नाही. "हितली मानसं सगली रातपालीला जातात काय गो?" असं तिने एकदा विचारलं. मी हसले, ती हसली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं, दुकान आहे. गेली चाळीसेक वर्षं एक नवरा-बायको ते चालवतात. काका शिजवतात, काकू गिऱ्हाईक बघतात. आसपासच्या घरी काका अजून सायकलवरून रामेन पोचवतात, तेही चिनी मातीच्या चांगल्या वाडग्यातून. खाऊन झालं की वाडगा धुऊन दाराबाहेर ठेवायचा, ते नंतर येऊन घेऊन जातात. एके दिवशी मी आईसाठी तिथलं मागवलं, डुकराचं मांस घालू नका म्हणून बजावून, आणि वाडग्याचं काय करायचं ते तिला समजावून ऑफिसला गेले.

आईने वाडगा घासून पुसून लख्ख केला आणि त्यात रव्याचे लाडू भरून, वर ताटली झाकून बाहेर ठेवला. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. काकांना वाटलं, बाई आपलं खाणं चुकून विसरली. त्यांनी बेल वाजवून दोन्ही हातांनी वाडगा परत दिला. आईला वाटलं, माणूस संकोच करतोय. तिने तो पुढे सारला. ते कमरेत वाकले, तीही वाकली. अखेर आईने वाडगा सरळ त्यांच्या सायकलच्या पेटीत ठेवला आणि आत येऊन दार लावलं. संध्याकाळी हे ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं. शनिवारी तिला घेऊन मी खुलासा करायला दुकानात गेले.

दारातच आई थबकली. "सुकट शिजतेय," म्हणाली. तिचं बरोबर होतं, तिथला रस्सा वाळवलेल्या छोट्या माशांचा असतो. सात-आठ स्टुलांचं ते दुकान, स्टुलं बसून बसून गुळगुळीत झालेली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच ती पोटभर जेवली. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, आणि अशा दुकानात खाणं झालं की लगेच उठायचं असतं. मी आईला कोपराने ढोसायला लागले, पण काकूंनीच हाताने बसा म्हणून खूण केली. लाडू त्यांना फार आवडले होते. काकांना गोड बंद आहे, तरी दोन खाल्ले म्हणे. मग काकूंनी मला विचारलं, "आईंचा मुक्काम किती दिवस?"

मी म्हटलं, "आता इथेच राहणार आहे, माझ्याजवळ."

काकूंनी हसून आईला नमस्कार केला. आईने विचारलं, "काय बोललीस तिला?" मी सांगितलं. आईने चमचा खाली ठेवला.

"तिला सांग, मी परत जानार हाय."

"आई, हे आपण घरी बोलू."

"घरी तू कामात असतेस. हितंच सांग. आनि का ते पन सांग. तिथं सकालचं माझं दार उघडलं नाय तर धा बाया येऊन ठोकतील. हितं कोन ठोकल?"

मी ते सगळं जपानीत सांगितलं, सगळ्या आदरार्थी रूपांसकट. काकूंनी काउंटरवरून फडकं फिरवलं. मग म्हणाल्या, त्यांचा मुलगा ओसाकाला असतो, दुकान बंद करून इकडे या म्हणून दरवर्षी सांगतो. "पण सकाळी आम्ही दुकान उघडून दाराला पडदा लावला नाही, तर इथलं गिऱ्हाईक चौकशीला येतं. तिथे कोण येणार?" हेही मलाच मराठीत करून सांगावं लागलं. आईने जाणकारासारखी मान हलवली. दोघी माझ्या तोंडून एकमेकींशी बोलत होत्या आणि दोघी माझ्या विरुद्ध होत्या. मला राग आला, आणि त्या रागात हसूही आलं.

व्हिसा संपला, आई गेली. मी शनिवारी एकटीच तिथे जाते. काकू तिची खुशाली विचारतात, मी सांगते, खाते आणि लगेच उठते.

गेल्या रविवारी फोनवर मला बोलवत नव्हतं. ताप येऊन गेला होता, ते मी सांगितलं नव्हतं. पण आवाजावरून तिला कळतं. तिच्या मागे टॉवरखालच्या बाकावरच्या बायकांचा कलकलाट चालला होता, कुणाची तरी सून चहाला हाका मारत होती. आई त्यांच्यातून उठून बाजूला आली असावी, कारण आवाज लांब गेले. मग हळूच म्हणाली, "येव का गो मी? कायमची? तू बोलशील तर येतंय."

याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं तिच्या मागे लागले होते. जिभेवर "ये" आलं होतं. मागे ती सून आता आईच्या नावाने हाक मारत होती, चहा निवतोय म्हणून.

"नको," मी म्हटलं. "तू तिथेच राहा. आपल्या दोघींपैकी एकीचं तरी घर राहू दे."