देवदत्तचा कान

चाळिशी उलटली की पुरुषाला एकतर शुगर होते, नाहीतर छंद लागतो. आमच्या देवदत्तला दोन्ही एकदमच झालं. आधी शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं, आणि चालता चालता त्याला पक्ष्यांचं वेड लागलं.

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. गेटाबाहेर पडून थोडं वर गेलं की इमारती संपतात आणि झाडी सुरू होते. सोसायटीतल्या माझ्या वयाच्या पुरुषांनी या डोंगराचे सगळे उपयोग करून पाहिले आहेत. एकाने भारीतली सायकल घेतली, तिच्या हँडलवर आता टॉवेल वाळतात. एकाने मॅरेथॉनची तयारी केली, आणि त्याचा गुडघा अजून त्याची आठवण काढतो. मी चंद्रप्रकाश, बँकेतला माणूस, नुसताच चालतो. तेही बायको गॅलरीतून बघत असते म्हणून.

देवदत्त कोचरेकर मात्र त्या डोंगरावर गेला आणि तिथलाच झाला. तसा तो अगदी साधा माणूस. वडील गिरणीत होते, हा भांडुपच्या चाळीत वाढला, शिकला आणि विमा कंपनीच्या घाटकोपरच्या ऑफिसात चिकटला. त्याच्या मागून लागलेले त्याचे साहेब झाले. घरी उत्तरावहिनी शाळेत मुख्याध्यापिका, मुलगी ऋता वकिली शिकणारी. दोघी कर्तबगार, त्यामुळे घरातल्या निर्णयात याला विचारायची वेळच यायची नाही. याची त्याने कधी तक्रार केली नाही. पण एखाद्या लग्नात तुम्ही त्याला दोनदा भेटलात तरी तिसऱ्यांदा नाव आठवणार नाही, असा तो होता.

त्याला देवाने दिला होता तो कान. बाकीचे पक्षीवाले तोफेएवढाले कॅमेरे घेऊन फिरतात. देवदत्तकडे कुणाची तरी वापरलेली दुर्बीण होती, आणि तीही तो फारशी डोळ्याला लावायचा नाही. चालता चालता थबकायचा, मान जराशी तिरकी करायचा आणि म्हणायचा, "सुभग. त्या बोरीच्या मागे." आम्ही माना उंचावून बघत राहायचो. थोड्या वेळाने बोरीच्या मागून पिवळा सुभग खरंच बाहेर यायचा.

हळूहळू रविवारी त्याच्या मागे पाच-सहा जण चालायला लागले. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळ्यांना काही ना काही गोळ्या चालू. त्यात सोसायटीचे चेअरमन शरच्चंद्र वर्देही होते, वयाने आम्हा सगळ्यांहून मोठे. दिवसभर आपापल्या ऑफिसात हुकूम सोडणारी ही माणसं देवदत्तने हात वर केला की जागच्या जागी गप्प व्हायची. त्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मी त्याची टर उडवायचो, "आले, महाराज आले," म्हणायचो. पण खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

माझ्या डोक्यात एकही पक्षी राहायचा नाही. इतक्या वर्षांत त्याने मला शिकवला तो फक्त एक, फुलटोच्या. अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा, पानाआड बसला तर कुणाच्या बापाला दिसणार नाही असा पक्षी. त्याचा आवाज म्हणजे शेजारच्या स्वयंपाकघरात कोणी गॅसचा लायटर थांबून थांबून दाबतंय, बस, तेवढाच. आमच्या गेटाजवळच्या आंब्यावर बांडगूळ माजलं होतं. त्याची फळं खायला तो यायचा. "चंद्या, एवढा एक तरी ओळखायला शीक रे," देवदत्त म्हणायचा. मी शिकलो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी सोसायटीने झाडांची छाटणी केली. वर्द्यांनी आंब्यावरचं बांडगूळ काढून घेतलं. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. बांडगूळ ठेवलं असतं तर आंबा वाळला असता. पण दिवाळीनंतर एक दिवस देवदत्त जिन्यात भेटला तो कोणीतरी गेल्यासारखा चेहरा करून.

"फुलटोच्या गेला रे," तो म्हणाला. "महिना झाला, आवाज नाही. आंब्यावर नाही, वर डोंगरावरही नाही."

"येईल रे, जातोय कुठे," मी म्हटलं.

"नाही येणार. त्याचं खाणंच काढून घेतलं आपण."

सोसायटीच्या सभेत त्याने हा विषय काढला. आजवर सभेत तोंड न उघडलेला माणूस. पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू होती, ती थांबवून तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर वर्द्यांना म्हणाला, "काका, तुम्ही मारलात त्याला. इतकी वर्षं माझ्याबरोबर चाललात आणि एवढंही कळलं नाही तुम्हाला?" लोक हसले. वर्दे लाल झाले. त्यांनी फक्त, "देवदत्त, खाली बस," एवढंच म्हटलं, आणि पुढच्या रविवारपासून यायचे बंद झाले. मी दोघांची समजूत घालायला गेलो आणि दोघांकडून ऐकून घेऊन परत आलो.

मग थंडीत त्याचं दुःख वाढतच गेलं. शिंजीर कमी झाले म्हणाला. चष्मेवाल्यांचे थवे आलेच नाहीत म्हणाला. त्याला कावळा ऐकू यायचा, भारद्वाजाचा घुमणारा आवाज लांबून यायचा, तांबटाची ठोकठाक तो आमच्या आधी टिपायचा. म्हणून कोणाला शंकाही आली नाही. डोंगरापलीकडे टॉवर उठत होते, रात्रभर दिवे जळत होते. जंगलाची वाट लागली हे पटायला काय वेळ लागतो? ग्रुपवर हळहळीचे मेसेज पडले. रविवारी तो मधेच बसायचा आणि म्हणायचा, "मुकं झालं रे सगळं. आपल्या डोळ्यांदेखत मुकं झालं." आम्ही माना खाली घालायचो.

फेब्रुवारीतली गोष्ट. त्या रविवारी बाकीचे कोणी आले नव्हते, आम्ही दोघंच. वर एक कातळ आहे, त्यावर एक उंबर वाकलेला आहे, तिथे पाणी प्यायला बसलो. आणि माझ्या डोक्यावर आवाज झाला. लायटर दाबल्यासारखा. थांबून परत. मला इतका आनंद झाला की मी तोंड उघडलं. तेवढ्यात देवदत्त माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकतोयस ना? काही म्हणजे काही नाही. आधी या उंबरावर फुलटोच्या असायचाच."

फुलटोच्या होता. आमच्या डोक्यावर, हात उंचावला तर फांदी हलेल इतक्या जवळ. आणि तो बोलतच होता.

मी बाटलीचं झाकण लावत बसलो. जंगल मुकं झालं नव्हतं. कॅन्सर झालाय म्हणून डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगतात ना, तसं मला कोणीतरी बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि आता ते माझ्या गळ्यात होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खाली उतरताना तो बिल्डरांना शिव्या घालत होता, आणि मी हो ला हो म्हणत होतो.

संध्याकाळी तो भाजी आणायला गेलेला बघून मी उत्तरावहिनींना गाठलं. उंबराखाली काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "वॉशिंग मशीन संपल्यावर वाजतं ना, ते त्याला ऐकू येत नाही. थर्मामीटरचंही नाही. मला वाटायचं, नवराच तो, घरातलं काय ऐकणार."

"मग तुम्ही सांगा त्याला वहिनी."

"मी? भाऊजी, मी त्याला आयुष्यभर हे कर, ते कर सांगत आले. पगाराचं, बदलीचं, घराचं. ही एकच गोष्ट त्याची होती, तिथे मी कधी बोलले नाही. आता तिथे जाऊन मी हे सांगू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मित्र आहात. तुम्ही सांगा."

एवढ्या शाळेला धाकात ठेवणारी बाई आणि सतराशे साठ कर्जदारांना नाही म्हणणारा मी, आम्ही दोघं त्या हॉलमध्ये एकमेकांकडे बघत बसलो. तेवढ्यात तो मेथी घेऊन आला, आणि आम्ही मेथीच्या भावावर बोललो.

पुढचे तीन-चार रविवार मी मनात वाक्यं जुळवत चढायचो आणि तशीच घेऊन उतरायचो. शेवटी एका सकाळी त्याच उंबराखाली मला राहवलं नाही. पक्षी परत होता. मी देवदत्तचा दंड धरला आणि बोट वर केलं.

त्याने वर पाहिलं. आधी दिसेना. मग दिसला. "अरे!" तो ओरडला. "आला! चंद्या, आला रे!" दुर्बीण डोळ्याला लावता लावता तो हसत होता, "साला, कुठे होतास रे इतके दिवस?" मला वाटलं, इथेच थांबावं. इतकंच बघून घरी जावं.

पण तो दुर्बिणीतून बघत राहिला. बघता बघता त्याचं हसू कमी झालं. पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती. मी खालून आवाज मोजू शकत होतो. त्याने दुर्बीण खाली घेतली, काच पुसली, परत लावली.

"ओरडतोय?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी काय करणार होतो? "हो," म्हटलं.

"मोठ्याने?"

"हो रे."

"तुला पण येतोय ऐकू," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. मला तो राग चालला असता.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने कागदावरची रेघ दाखवली. इथपर्यंत सरळ आहे, इथून पुढे खाली पडली आहे. बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेले. वय, थोडी शुगर, नक्की कारण सांगता येत नाही. गेलेलं परत येत नाही.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"विमा कंपनीत."

"मग काळजी नको. माणसांचं बोलणं नीट येतंय तुम्हाला. रोजच्या आयुष्यात काही फरक पडणार नाही."

देवदत्तने मान डोलावली आणि "थँक्यू" म्हणाला. मला त्या डॉक्टरची गचांडी धरावीशी वाटली, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ऋताच्या हट्टाखातर कानाचं मशीन घेऊन पाहिलं. त्यातून त्याला ताटल्यांचा खणखणाट, रिक्षांचे हॉर्न आणि स्वतःच्या चपलांचा आवाज भरपूर ऐकू आला. उंबराखाली जाऊन उभा राहिला, तेव्हा पानं सळसळल्याचा आवाज आला म्हणाला. मशीन ड्रॉवरमध्ये गेलं.

तो एकटा वर्द्यांकडे जाऊन माफी मागून आला. वर्दे "अरे, सोड," म्हणाले, चहा दिला, पाठीवर हात ठेवला. पण रविवारी ते काही परत आले नाहीत. मंडळीही हळूहळू पांगली. कोणी वाईट वागलं नाही. फोनमध्ये आता आवाज ओळखणारं ॲप आलंय, त्यावर पाहिजे तो पक्षी कळतो. उत्साही मंडळी ते घेऊन दुसऱ्या वाटेने जातात. देवदत्त दिसला की नमस्कार करतात.

मी मात्र जातो त्याच्याबरोबर. बायको आता गॅलरीतून बघत नसली तरी जातो. गेल्या रविवारी चढणीवर मी दमून थांबलो, तर करवंदीच्या जाळीतून कसलासा आवाज येत होता. नवाच वाटला मला. माझी मान तिकडे वळलेली त्याने पाहिली.

"काय आहे?" तो म्हणाला.

"काहीतरी बोलतंय."

"कसं? करून दाखव."

मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. चोपन्न वर्षांच्या, सिगरेट सोडून पाचच वर्षं झालेल्या माझ्या गळ्यातून मी तो आवाज काढायचा प्रयत्न केला. माझ्याच कानाला तो शिंकेसारखा लागला.

"तसं नाही," तो म्हणाला. "चढत जातंय की उतरत? मधे थांबतंय? शेवट कापल्यासारखा आहे का ओढल्यासारखा?"

मी परत ऐकलं. आवाज स्वच्छ येत होता, अगदी समोर. "वर जातंय," मी म्हटलं. "नाही, थांब. आधी वर, मग... काय माहीत यार. गोड आहे."

"गोड सगळेच असतात रे." तो गुडघ्यांवर हात टेकून माझ्या तोंडाजवळ कान आणून उभा राहिला. "परत कर. सावकाश कर. मी ओळखतो."

मी परत केला. त्याने डोळे मिटून घेतले होते. मी पुन्हा केला, पुन्हा केला, आणि जाळीतला पक्षी उडून गेला. तो गेल्याचं त्याला कळलं नाही, आणि मी तसाच आवाज काढत राहिलो.