दाजींची गाडी आणि तिचा ‘कट्’

स्वतःच्या गाडीत बसून एकाच जागी आमच्या दाजींइतका वेळ काढलेला माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आणि जगात विनाकारण काही घडत नाही यावर त्यांची ठाम श्रद्धा होती. दूध नासलं तर ताईच्या हातातलं पातेलं धरून, “टाकू नको, आधी कारण शोधूया,” म्हणायचे. अशा माणसाच्या नशिबी नेमकी ती गाडी यावी, याला मात्र काय कारण असेल ते मला अजून कळलेलं नाही.

मोबाइल नुकते घरोघरी येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. पुण्यातले एक डॉक्टर त्यांची परदेशी बनावटीची जुनी चंदेरी गाडी विकतात असं कळलं आणि दाजी ती घेऊन आले. साध्या गाडीत किल्ली फिरवली की स्टिअरिंगचं लॉक सुटतं. या गाडीत ते काम विजेवर चालायचं. किल्ली लावली की गाडी आधी ती ओळखून घ्यायची, मग स्टिअरिंगखाली एक बारीक मोटर फिरून खिट्टी मागे सरकायची आणि ‘कट्’ असा आवाज यायचा. ‘कट्’ झालं की गाडी चालू. नाही झालं, तर समोर पिवळा दिवा लागायचा, स्टिअरिंग जागचं हलायचं नाही आणि इंजिनही हूं की चूं करायचं नाही. आणि ते कधी होणार, कधी नाही, याला कसलाच धरबंद नव्हता.

त्यामुळे सकाळी दाजी गाडीत बसले की घरात सगळ्यांनी गप्प बसायचं. आवाज ऐकू यायला हवा ना! ताई रेडिओ बंद करायची. दाजी काच खाली करून शेजारच्या काकूंना हात जोडायचे, “वहिनी, कुकरची शिट्टी तेवढी थांबवा की जरा.” त्या माउली खरोखरच गॅस बारीक करून दारात येऊन उभ्या राहायच्या. ‘कट्’ झालं की आधी त्यांचंच तोंड खुलायचं, “झालं बगा सर, झालं!” आणि नाही झालं तर सगळी गल्ली मयताला आल्यासारखी उभी.

मग कारणांचा शोध. आधी वाटलं, बॅटरी कमी पडते. नवी घातली. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागली आणि एका सकाळी पुन्हा पिवळा दिवा. मग किल्लीवर संशय आला. मोबाइलशेजारी ठेवल्यानं ती बिघडत असणार, म्हणून दाजी ती ताईच्या मिसळणाच्या डब्यात ठेवू लागले. गाडीला काही दिवस नुसता हळदीचा वास. मग उन्हाचं कारण निघालं. दाजी सावली बघून गाडी लावायचे आणि तिथून घरापर्यंत रिक्षानं यायचे. तर गाडी ऐन थंडीत बंद पडली. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं शेवटी सांगितलं, “सर, बिघाड लॉकातच हाय. त्यो उपटून टाकला आसता. पर त्यो ‘सुटलो’ म्हंटल्याबिगर गाडीचा कॉम्प्युटर इंजान चालूच करत न्हाय. आन् नवा लॉक ह्या जुन्या गाडीला मिळंना झालाय.” दाजी खूश झाले. म्हणाले, “म्हणजे कारण आहे!” ते काय, हे मात्र मिस्त्रीलाही ठाऊक नव्हतं.

अशात एका पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. दाजींच्या आई शिरोळकडच्या गावी एकट्याच राहायच्या. गुडघ्यांनी अधू, पण कोल्हापूरला या म्हटलं की, “मला काय झालंया हितं?” त्यांना आरामात आणता यावं म्हणून तर ही ऐसपैस गाडी घेतली होती, हे मला दाजींनी त्या दिवशी वाटेत सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी खालच्या उसात शिरलं होतं. बोळ अरुंद, म्हणून दाजींनी गाडी वळवून भिंतीला चिकटून लावली. घरातलं गाठोडं बांधलं, आईंना धरून आणलं, मागे बसवलं. त्यांच्या मांडीवर बाबासाहेबांची तसबीर. दाजींनी किल्ली लावली. आम्ही सवयीनं श्वास रोखले.

आवाज आला नाही.

किल्ली काढली, पुसली, पुन्हा लावली. स्टिअरिंग हिसडून पाहिलं. बोळाच्या तोंडाशी पाणी चमकायला लागलं तसा भावकीतला एक गडी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. आईंना उचलून ट्रॉलीत बसवलं, गाडीला दोर बांधला. पण पुढची चाकं वळलेली आणि तिथंच अडकलेली. ट्रॅक्टरनं ओढताच गाडी निघाली ती सरळ शेजारच्या कडब्याच्या गंजीत घुसली.

“पावणं!” दाजी आत बसून मला ओरडले, “चाकं भिंतीकडं वळवली, त्याचा ताण खिट्टीवर आला! हेच कारण!”

“सर,” ट्रॅक्टरवाला त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, “कारण ऱ्हाऊ द्या, पाणी टायरला लागलंय!”

दाजी किल्ली फिरवतच होते. इतक्यात मागे धप्प आवाज झाला. बघतो तर आई ट्रॉलीतून उतरलेल्या, पोटरीभर पाण्यात, फळीला धरून उभ्या.

“तुला त्या डब्यातच बसायचं आसंल तर मी बी हितंच बसतो. म्हातारीला एकटीला कुटं धाडतोस रं?”

दाजींनी आईंकडे पाहिलं. मग उतरले, आईंना दोन्ही हातांनी उचलून ट्रॉलीत ठेवलं आणि शेजारी बसले. मुख्य रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी आईंचे ओले पाय आपल्या मांडीवर धरून ठेवले होते.

पूर ओसरल्यावर गाडी चिखलानं भरलेली सापडली. मिस्त्रीनं लॉक खोलून दाखवलं. मोटर शाबूत, चक्राचे दाते शाबूत, तार कुठं तुटलेली नाही. “मग बिघडलं काय होतं?” दाजींनी विचारलं. “त्येच कळंना झालंय की,” मिस्त्री म्हणाला. दाजींनी लॉकची ती डबी त्याच्या हातात परत दिली, आणि गाडी भंगारात द्यायला सांगून चालत घरी आले.

आई कोल्हापुरातच राहिल्या. गावाकडचं घर पुरात बसलं होतं, पण ते त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. पुढे त्यांना दिवस-महिन्यांचं भान राहिलं नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून त्या विचारायच्या, “पाणी उतारलं का रं?”

दाजी वर्गातल्या वह्या तपासत असायचे. हातातला पेन खाली ठेवून, उठून त्यांच्याजवळ जायचे.

“उतरायलंय आई. सावकाश उतरायलंय.”

“मग उतारलं की जाऊया.”

“जाऊया की,” दाजी म्हणायचे, आणि त्यांच्या पायांवर शाल नीट करायचे.