न कापलेली जोड

नरसय्या गेल्याचे मला सोलापूरच्या साखर पेठेतल्या वाचनालयात कळले. वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्याच्या घरी गेलो. माग बंद होता. दिवसाढवळ्या त्या घरात मागाचा आवाज नाही, हे मी प्रथमच अनुभवले... याला दीड महिना होत आला. शोकसभेत त्याला ‘मनमिळाऊ’ म्हटले गेले. तो हट्टी होता. त्या हट्टाविषयीच मला लिहायचे आहे.

नरसय्या चादरी विणत असे. मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी. एकदा बातमी होती, की अमेरिकेतल्या एका शहराने आणि सोव्हिएत देशातल्या एका शहराने परस्परांना भगिनी मानले असून दोन्हीकडचे नागरिक एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले आहेत. “सरकारं भांडत्यात आन् गावं सोयरीक करत्यात? लई ब्येस की, मास्तर!” दुसऱ्याच दिवशी त्याने मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवला. त्याच्या घरची रीत अशी, की सोयरीक जुळली म्हणजे एकाच ताण्यावर दोन चादरी सलग विणायच्या, मध्ये चार बोटे धागे मोकळे सोडायचे, आणि दोन्ही घरची माणसे समोरासमोर पाटावर बसल्यावरच तिथे कात्री लावायची. तोवर जोड अखंड. एका टोकाला त्याने रशियन शहराचे नाव विणले, दुसऱ्या टोकाला अमेरिकन. देवनागरी अक्षरे मी आखून दिली. “तुला मध्यस्थ कोणी नेमले?” मी विचारले. “कापूस तितंबी पिकतो, हितंबी पिकतो. आनखी कुणी नेमायचं?”

आमच्या पेठेत सोव्हिएत मैत्रीचे एक मंडळ होते. नरसय्या त्याचा जुना सभासद; त्याला सूत मिळे तेही मंडळाच्याच सोसायटीतून. त्या सुमारास सोव्हिएत पाहुण्यांचे पथक सोलापूरला यायचे ठरले आणि सत्कारासाठी चादर मागायला अध्यक्ष स्वतः ओसरीवर आले.

“नरसय्या, रशियाची तेवढी कापून दे. अमेरिकेची घाल तुझ्या शेळीच्या पाठीवर.”

“शेळीला दुसरी घालतो की, अध्यक्षसाहेब. ही न्हाय कापत. तिकडचं माणूस आल्याबिगर कात्री न्हाय.”

“अमेरिकेचं माणूस येणार हाय व्हय, साखर पेठेत?”

“रशियाचं येतंय न्हवं?”

सूत बंद होईल, असे बजावून अध्यक्ष निघून गेले.

सत्काराच्या दिवशी नरसय्या अखंड जोड खांद्यावर टाकून व्यासपीठावर चढला. अध्यक्षांनी सर्वांसमक्ष कात्री मागवली. नरसय्याने मोकळ्या धाग्यांवर तळहात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. मी खालून उठून वर गेलो व पाहुण्यांना इंग्रजीत ती रीत सांगितली. दुभाष्याने ती त्यांच्या भाषेत पोहोचवली. पथकाच्या प्रमुख एक बाई होत्या, गिरणीत काम केलेल्या. त्यांनी ते धागे बोटांनी चाचपले, जोडीची नीट घडी घातली आणि ती नरसय्याच्या हाती परत दिली. पुढच्या वेळी दुसरीकडची माणसे घेऊनच येऊ, म्हणाल्या... त्या आल्या नाहीत.

सूत खरोखरच बंद झाले. नरसय्या बाजारातून महाग सूत आणून टॉवेल विणू लागला. तक्रार त्याने केली नाही. मंडळाचा कोणी दारावरून गेला की मागाचा आवाज वाढे, इतकेच. लोक याला मूर्खपणा म्हणतात. म्हणोत. दोन बलाढ्य सत्तांपैकी एकीच्या पदराआड उभे राहण्याची शहाण्यांत चढाओढ लागली असताना सोलापूरच्या एका विणकराने दोघींचा आहेर एकाच ताण्यावर धरला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष पुन्हा ओसरीवर आले. नरसय्याच्या स्मरणार्थ मंडळाच्या कार्यालयात चादर लावायची आहे, म्हणाले; रशियन नावाची, अर्धी. नरसय्याच्या मुलाला सूत पुन्हा सुरू करण्याचीही तयारी होती. मुलाने मान खाली घातली. नरसय्याची पत्नी लक्ष्मम्मा आत गेली, जोड आणून तिने जमिनीवर पसरली आणि दोन टोकांना दोन पाट मांडले.

“बसा, अध्यक्षसाहेब, तुमच्या पाटावर. समोरचं माणूस आलं की कापू.”

अध्यक्ष बसले नाहीत. चहाही न घेता गेले. मुलाने उठून टॉवेलाचा माग सुरू केला.

पाट अजून मांडलेलेच आहेत. मी रोज संध्याकाळी जातो आणि जमिनीवर बसतो.