टेंडर गेलं

धर्मराज काकांना अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नला येऊन तीन वर्षं झाली होती, पण नागपूरच्या बांधकाम खात्यातून ते अजून पुरते रिटायर झाले नव्हते. मुलाच्या डेटा सेंटरची भिंत पाहिली तरी प्लॅस्टरमध्ये खोट काढायचे. घरात मात्र त्यांना डिशवॉशर लावायची बंदी होती. वाट्या उताण्या ठेवतात म्हणे. अशा माणसाला मराठी ज्येष्ठांच्या सभेत भाषण मिळालं, तेव्हा स्वारीचे पाय महिनाभर जमिनीवर नव्हते. या देशात एकदा तरी चार लोकांनी आपलं ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

विषय मिळाला समोरच्या डोरीनबाईंकडून. ऐंशी पार केलेल्या या बाईंचे वडील महायुद्धात पॅसिफिकमधल्या एका बेटावर मेकॅनिक होते. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता तिथे. त्यांनी बायकोला लिहिलेली पत्रं डोरीनबाईंच्या मुलांनी कधी उघडलीसुद्धा नव्हती. काकांनी ती मागून घेतली, डिक्शनरी घेऊन वाचली आणि 'तुमच्या वडिलांची गोष्ट आमच्या लोकांना सांगतो' असा शब्द दिला.

एकच शब्द त्यांनी डिक्शनरीत पाहिला नाही. टेंडर. छत्तीस वर्षं टेंडरं काढलेल्या माणसानं तो शोधायचा, म्हणजे कमालच झाली.

सभेला डोरीनबाई पहिल्या रांगेत होत्या, शेजारी काकांची नात उपासना, कानात इंग्रजी करून सांगायला. काका रंगात आले. टेंडर वेळेवर आलं नाही की विमानांना पेट्रोल नाही, टपाल नाही, जेवणाचेही वांधे. म्हणजे इथेही आपलंच खातं, असं ते म्हणाले आणि रिटायर्ड इंजिनियरांनी टाळ्या वाजवल्या. मग शेवटचं पत्र आलं. 'आज पहाटे टेंडर गेलं. एडीसुद्धा.' काकांनी डोळा मिचकावला. हा एडी म्हणजे कंत्राटदार असणार, बिचाऱ्यानं रेट जास्त भरला असेल! हॉल खदाखदा हसला.

उपासना भाषांतर करता करता थांबली. सगळे कशाला हसले ते डोरीनबाईंनी खोदून विचारलं, तिनं सांगितलं, आणि बाई तिच्याशी हळू आवाजात काही बोलल्या. पोरगी उठून स्टेजपाशी आली.

"आजोबा, टेंडर इज अ शिप. विमानांना फ्युएल देणारं. बॉम्ब पडून सिंक झालं. एडी वॉज हर अंकल. ही वॉज नाइन्टीन."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरीत त्यांनी स्वतःची चूक कधी कबूल केली नव्हती; ढकलायला खालचा क्लार्क असायचा. इथे क्लार्क नव्हता. ते खाली उतरले, डोरीनबाईंसमोर हात जोडले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफी मागितली.

"पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

काकांनी वाचलं. टेंडरच्या जागी जहाज म्हणत गेले. जहाज आलं नाही, पोरं उपाशी. मघाशी टाळ्या वाजवणारे आता खाली बघत होते. शेवटच्या ओळीशी काका थांबले आणि पत्र त्यांनी डोरीनबाईंपुढे धरलं. तेव्हा डोरीनबाईच उठल्या आणि ती ओळ त्यांनी इंग्रजीत पाठ म्हटली. मराठीत सांगायची कुणाला गरज पडली नाही.